पूर ओसरल्यावर घाई कुठे करायची आणि थांबायचं कुठे

२०२१ सालची बकरी ईद २१ जुलैला, बुधवारी होती. त्याच रात्री पावसाने धरलं, आणि गुरुवारी २२ जुलैला चिपळुणात वाशिष्ठीचं आणि महाडमध्ये सावित्रीचं पाणी घराघरात शिरलं. कुर्बानीचं गोश्त फ्रीजमध्ये, ईदचे पाहुणे घरात आणि तळमजला पाण्याखाली, अशी अनेक मोहल्ल्यांची अवस्था होती. २००५ च्या पुराची रेघ चिपळुणात कितीतरी घरांच्या भिंतीवर जपून ठेवलेली होती. या वेळी ती रेघही बुडाली.

पाणी उतरल्यावर आम्ही काही जण तिकडे गेलो. दोन गवंडी, एक वायरमन आणि बाकीचे आमच्यासारखे फावडं-घमेलं उचलणारे. काही घरं, एक मस्जिद आणि तिला लागून असलेला मदरसा आम्ही साफ केला. पुढच्या पावसाळ्यांतही हे काम अधूनमधून करावं लागलं. त्यात आमच्याही चुका झाल्या, त्या लपवत नाही. एक गोष्ट मात्र प्रत्येक ठिकाणी दिसली. जी कामं पहिल्या दोन दिवसांत व्हायला पाहिजेत, ती लोक पुढच्या आठवड्यावर ढकलतात. आणि ज्या कामांना सहा महिने थांबायला पाहिजे, ती महिन्याभरात उरकून टाकतात. पाण्याने होतं त्याच्याइतकंच नुकसान या उलट्या क्रमाने होतं.

आत जाण्याआधी

दार उघडायच्या आधी घराला बाहेरून एक फेरी मारा. जोत्याखालची माती वाहून गेली आहे का, भिंत बाहेर झुकली आहे का, छपराची ओळ मधेच बसली आहे का, ते बघा. दार नेहमीसारखं उघडत नसेल तर जोर लावू नका. लाकूड फुगलं म्हणून दार अडकतं, तसं चौकटीवरचं वजन खाली आलं म्हणूनही अडकतं. बाहेरून हे दोन्ही सारखंच दिसतं. शंका असेल तर खिडकीतून डोकवा.

वीज हा सगळ्यात मोठा धोका. "लाइट तर गेलीये, मग भीती कसली?" असं हमखास ऐकायला मिळतं. पण घरात इन्व्हर्टर असतो. तो वरच्या फळीवर असेल आणि भिजला नसेल, तर महावितरणची लाइन बंद असतानाही घरातल्या वायरिंगमध्ये करंट देत राहतो. एका घरात आमच्या वायरमनने आधी इन्व्हर्टरची तार सोडवली आणि मगच आम्हाला आत सोडलं. तोपर्यंत आमच्यातला एक जण ओल्या भिंतीला टेकून उभा राहायच्या बेतात होता. मेन स्विचपर्यंत जायला पाण्यात उभं राहावं लागत असेल तर त्याला हात लावू नका, खांबावरून लाइन तोडून घ्या. आणि लाइन परत आली तरी लगेच जोडू नका. भिंतीतल्या पाइपांमध्ये पाणी साचून राहतं, बोर्डाच्या मागे चिखल बसलेला असतो. बोर्ड उघडून, धुऊन, वाळवून, वायरमनने तपासल्यावरच एकेक सर्किट चालू करायचं. फ्रीज, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटार "चालतंय का बघू" म्हणून लावून बघितली की जळते. न लावता उघडून वाळवली तर पुष्कळदा वाचते. गाडीचंही तेच. बुडालेल्या गाडीला सेल्फ मारला की इंजिन कामातून जातं.

गॅसचा वास आला तर बटण चालू करू नका आणि बंदही करू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. दारं-खिडक्या उघडा, सिलिंडर बंद करा आणि बाहेर या. कपाटाखाली, माळ्यावर, गुंडाळलेल्या चटईत साप आणि विंचू असतात. हात घालण्याआधी काठीने हलवा.

आता फोटो. झाडू मारायच्या आधी प्रत्येक खोलीचे चारही बाजूंनी फोटो आणि व्हिडिओ काढा. भिंतीवरची पाण्याची रेघ मोजपट्टी लावून फोटोत घ्या. २०२१ मध्ये सरकारने साडेअकरा हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलं, पण ते दारापर्यंत येतं पंचनाम्यावरून. तलाठी यायला उशीर होतो. "पंचनामा होईपर्यंत काही हलवू नका" असं ऐकून लोक चार-चार दिवस चिखलात बसून राहिलेले आम्ही बघितले. तसं करू नका. फोटो काढा, खराब झालेल्या वस्तूंची यादी करा, फेकायच्या वस्तू अंगणात एका बाजूला रचून ठेवा, आणि साफसफाई सुरू करा. विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि कळवल्याची नोंद ठेवा.

पहिले दोन दिवस

पूर म्हणजे नुसतं नदीचं पाणी नसतं. गावातले शौचालयांचे खड्डे, गटारं, उंदरांची बिळं, गॅरेजचं ऑइल, सगळं त्यात मिसळलेलं असतं. पाइप फुटून घरात पाणी झालं तर गादी उन्हात टाकून परत वापरता येते. पुरात भिजलेली गादी वापरता येत नाही. "कापूस चांगला आहे, पिंजून घेऊ" असं एक चाची आम्हाला चार वेळा म्हणाल्या. गादी त्यांच्या माहेरची होती. शेवटी खोळ त्यांनी धुऊन ठेवून घेतली आणि कापूस गेला. हिशोब साधा आहे. ज्याचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि घट्ट आहे, म्हणजे भांडी, लाद्या, सागवान, प्लास्टिक, ते धुऊन घ्या. जे स्पंजासारखं पाणी पितं, म्हणजे गाद्या, उशा, फोमचा सोफा, प्लायवूडची फुगलेली कपाटं, पीओपी, जिप्सम बोर्ड, ते घराबाहेर काढा. कपडे गरम पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवले की चालतात. उघडं धान्य, पीठ आणि औषधं ठेवू नका.

फ्रीजमधलं गोश्त हा त्या साली वेगळाच प्रश्न झाला. वीज नाही, दार बंद, तीन-चार दिवस झालेले. काही जणांना वाटायचं वरचा थर गेला असेल, खालचं ठीक असेल. ते सगळंच गेलेलं होतं. विहिरीपासून लांब खोल खड्डा काढायचा, वर चुना टाकायचा आणि माती दाबायची. नुसतं नाल्यात टाकलं तर दोन दिवसांनी कुत्री तेच मोहल्ल्यात परत आणतात.

चिखल ओला आहे तोवरच काढायचा. नदीचा गाळ बारीक असतो. वाळला की लाद्यांच्या सांध्यात, चौकटींच्या खाचेत सिमेंटसारखा बसतो आणि त्याची धूळ नाकातोंडात जाते. फावड्याने काढा, मग पाण्याचा मारा, मग खराट्याने साबणाचं पाणी. वरून खाली या. आधी भिंती, मग जमीन. ज्याला पायाला जखम आहे त्याने या कामाला उतरूच नये. बाकीच्यांनी गमबूट आणि रबरी हातमोजे घालावेत. कोकणात लेप्टो दरवर्षी असतो, उंदराच्या मुतातून पाण्यात येतो आणि छोट्याशा चिरेतूनही अंगात शिरतो. चिखलात काम केल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल, असं काही झालं तर दवाखान्यात जा आणि "पुराच्या पाण्यात काम केलंय" हे आपणहून सांगा. आरोग्य खात्याचे लोक गोळ्या वाटतात, त्या विचारून घ्या. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांना देताना तर विचारल्याशिवाय नकोच.

ब्लीचिंग पावडरचं एक सांगायला पाहिजे. लोक ती चिखलावर रांगोळीसारखी फेकतात. त्याने वास बदलतो, जंतू मरत नाहीत, कारण क्लोरीन चिखलातच खर्ची पडतं. आधी साबणाने स्वच्छ धुवायचं. मग एक लिटर पाण्याला १५ ग्रॅम, म्हणजे दहा लिटरच्या बादलीला १५० ग्रॅम चांगली पावडर कालवायची, थोडा वेळ ठेवून वरचं निवळ पाणी घ्यायचं, त्याने जमीन आणि भिंतीचा खालचा भाग ओला करायचा. निदान दहा मिनिटं तो ओला राहिला पाहिजे, मग धुऊन टाकायचा. लोखंडी कपाटावर हे पाणी राहू देऊ नका, गंजतं. आणि या पाण्यात संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो. बंद मोरीत एका पोराने "डबल पावर" म्हणून दोन्ही ओतलं होतं. तो खोकत बाहेर पळाला म्हणून वाचला, अल्हम्दुलिल्लाह.

तळघर किंवा जमिनीखालची पार्किंग भरली असेल तर तिथे मात्र घाई नको. बाहेरची जमीन पाण्याने फुगलेली असते, तिचा दाब भिंतींवर असतो. आतलं पाणी एकदम उपसलं तर भिंत आत येऊ शकते. रोज साधारण एक तृतीयांश पाणी काढायचं आणि रेघ मारून ठेवायची. रात्रीत पाणी परत वर आलं तर थांबायचं.

मस्जिद आणि मदरसा

इथे आमची चूक झाली. मस्जिदीत शिरल्याबरोबर आमचं लक्ष गेलं जाजमांकडे. नवी होती, वर्गणी काढून आणलेली. भिजलेलं जाजम किती जड होतं ते उचलल्याशिवाय कळत नाही. आठ-आठ जणांनी धरून आम्ही ती बाहेर आणली. अख्खा दिवस त्यात गेला. पाठीला फोम असलेली ती जाजमं शेवटी टाकावीच लागली. गटाराचं पाणी प्यालेला फोम धुतला जात नाही.

आणि या सगळ्या वेळात जमातीच्या खोलीतलं लोखंडी कपाट बंदच राहिलं. त्यात निकाहाची आणि मय्यतीची जुनी रजिस्टरं होती. कुणाच्या तरी लक्षात आलं तेव्हा तिसरा दिवस होता. पानं फुगून कपाटात इतकी गच्च बसलेली की ओढून निघेनात, आणि कडांवर पांढरी-काळी लव आलेली. कागदावर, कापडावर, लाकडावर बुरशी धरायला एक-दोन दिवस पुरतात. कोकणातल्या जुलैत तर तेवढेही लागत नाहीत. जाजम बाजारात मिळतं. ज्यांच्या आई-वडिलांच्या निकाहाचा दुसरा कुठलाच कागद नाही, त्यांच्यासाठी ते रजिस्टर म्हणजे वारसाहक्काचा, पासपोर्टचा पुरावा. म्हणून आता आम्ही कुठेही गेलो की पहिला प्रश्न विचारतो, "जमातीचं कपाट कुठाय?"

ओली वही, ओलं पुस्तक कसं हाताळायचं ते आम्ही उशिरा शिकलो. चिकटलेली पानं ओढून उघडायची नाहीत. चिखल असेल तर पुस्तक मिटलेलंच धरून स्वच्छ पाण्यात हलक्या हाताने बुचकळायचं. पण शाईने लिहिलेलं असेल तर तेही करायचं नाही. दौतीची शाई पसरते, बॉलपेन बहुतेक टिकतं. पुस्तकं थोडी असतील तर उभी करून, पानं पंख्यासारखी जराशी उघडून, सावलीत, वाऱ्यावर ठेवायची. दर थोड्या पानांमागे कोरा शोषणारा कागद घालायचा आणि तो बदलत राहायचा. वर्तमानपत्र घातलं तर त्याची छपाई उठते. कडक ऊन नको, पानं वाकडी होऊन ठिसूळ होतात. गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तकं एकदा चिकटून वाळली की परत सुटत नाहीत, त्यांचा नंबर आधी.

आणि पुस्तकं जास्त असतील, दोन दिवसांत हात पुरणार नसतील, तर गोठवायची. जगभरातल्या ग्रंथालयांत पूर-आगीनंतर हेच करतात. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, शाई पसरत नाही, आणि मग सवडीने चार-चार पुस्तकं काढून वाळवता येतात. आपल्याकडे ग्रंथालयांचे शीतकक्ष नाहीत, पण किनारपट्टीला मासळीची कोल्ड स्टोरेजं आहेत. राहिलेली रजिस्टरं आम्ही एकेक प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, खोक्यात उभी रचून, ओळखीतून अशाच एका ठिकाणी नेली. मालकाने आधी आमच्याकडे वेड्यासारखं बघितलं, मग एक कोपरा रिकामा करून दिला. महिनाभराने आणून वाळवली. एक-दोन रजिस्टरांना अजून सुरमईचा वास येतो. पण नावं वाचता येतात. ज्या तीन रजिस्टरांवर आधीच बुरशी चढली होती, त्यांची कडेची पानं गेली ती गेलीच.

घरच्या कागदांचंही हेच. सातबारा परत निघतो, जुनं खरेदीखत सहज निघत नाही. लॅमिनेशन केलेला कागद सुरक्षित आहे असं समजू नका. कोपऱ्यातून पाणी आत गेलं असेल तर ते आतच अडकतं. कड कापून तपासा. एकमेकांना चिकटलेले फोटो वाळू देऊ नका, स्वच्छ पाण्यात ठेवून अलगद सोडवा.

कुरआन शरीफच्या भिजलेल्या प्रतींबद्दल लोक हळवे असतात, असणारच. वाचण्यासारख्या असतील त्या वरच्याच पद्धतीने वाळवाव्यात. ज्या पार गेल्या त्या इमामसाहेबांना विचारून, पायदळी येणार नाही अशा पाक जागी दफन केल्या जातात. फक्त निर्णय होईपर्यंत त्या ओल्या गठ्ठ्यात बांधून ठेवू नका. बहुतेक प्रती या वाट बघण्यातच सडतात.

पाकीचा प्रश्नही निघतो. जमीन वाळली म्हणजे पाक झाली की धुवावी लागेल, याबद्दल हनफी आणि शाफई मतांत फरक आहे, आणि कोकणात बहुतेक जमाती शाफई. ते आलिम सांगतील. आमचं म्हणणं एवढंच की पाकी आणि निर्जंतुकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जमीन मसल्यानुसार पाक असेल, तरी तिच्यावर सजद्यात कपाळ टेकवण्याआधी साबण आणि क्लोरीनचं पाणी फिरलेलं बरं. जाजमं परत अंथरायची घाई नको. उघड्या लादीवर नमाज होते, आणि जमिनीतली ओल निघून जायलाही ते बरं पडतं. वुजूचा हौद पूर्ण रिकामा करून, घासून, ब्लीचिंगच्या पाण्याने धुऊन मगच भरावा.

विहीर असेल तर तिचा हिशोब करता येतो. व्यास गुणिले व्यास, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ३.१४, भागिले ४. मापं मीटरमध्ये घेतली की उत्तर घनमीटरमध्ये येतं, म्हणजे हजार लिटरच्या मापात. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर साधारण २८ हजार लिटर झालं. रोजच्या शुद्धीकरणाला हजार लिटरमागे अडीच ग्रॅम चांगली पावडर लागते, म्हणजे इथे ७० ग्रॅम. पण पुराचं पाणी गेलेली विहीर आधी उपसून, गाळ काढून, पहिल्या वेळी याच्यापेक्षा बरीच जास्त मात्रा द्यावी लागते. ती आरोग्य केंद्राच्या माणसाकडून ठरवून घ्या आणि पाणी तपासून आल्यावरच प्या. तोपर्यंत उकळूनच.

भिंत कधी वाळते

इथून पुढे थांबायचं. आणि हेच लोकांना जमत नाही.

चिपळुणात एका घरी ऑक्टोबरात मुलीचा निकाह होता. सप्टेंबरात त्यांनी खालच्या मजल्याला पुट्टी मारून छान क्रीम रंग दिला. पाहुणे म्हणाले, पूर आला होता असं वाटतच नाही. नोव्हेंबरात रंगाला फोड आले. डिसेंबरात फोड फुटून आतून पांढरी पूड गळायला लागली. तो लोणा. भिंतीतलं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं, आणि वरचा थर त्याला वाट देत नसेल तर तो थरच उचलून टाकतं. नवं कपाट भिंतीला चिकटून लावलं होतं, ते सरकवलं तर मागे हातभर काळी बुरशी. घरातला चार वर्षांचा नातू महिनाभर खोकत होता आणि डॉक्टर औषध बदलत होते. त्याची खाट त्याच भिंतीला होती. सगळं खरवडून परत करावं लागलं. निकाहाच्या कर्जावर हे दुसरं कर्ज.

गवंड्यांचा आणि इंजिनिअरांचा एक अंदाज आहे. जाड भिंत एका बाजूने महिन्याला साधारण एक इंच वाळते. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी मोकळी असेल तर साडेचार महिने. एका बाजूला लाद्या किंवा ऑइलपेंट असेल तर त्याच्या दुप्पट. आपल्याकडची जांभ्याच्या चिऱ्याची भिंत चौदा इंच असेल तर सात महिने धरा. आणि हा हिशोब बरी हवा असताना. ऑगस्टमध्ये बाहेरची हवाच ओली असते, खिडक्या उघडल्या तरी भिंत फारशी वाळत नाही. खरी वाळवण ऑक्टोबरच्या उन्हात सुरू होते. म्हणजे जुलैच्या पुरात भिजलेल्या भिंतीला रंगाचा विचार पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये करायचा.

तोपर्यंत काय करायचं? भिंतीला श्वास घेऊ द्यायचा. ऑइलपेंट आणि प्लॅस्टिक पेंट पाण्याच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत खरवडून काढा. प्लास्टरवर लाकडाने ठोका. जिथे पोकळ आवाज येतो तिथलं प्लास्टर सुटलेलं आहे, ते पाडा, बाकीचं राहू द्या. सगळं प्लास्टर सरसकट पाडायचा आग्रह धरणारा ठेकेदार भेटला तर आधी हा लाकडाचा तुकडा त्याच्या हातात द्या. भिंतीवरचं प्लायवूडचं पॅनेलिंग काढाच. ते वरून कोरडं दिसतं आणि मागे सगळं सडत असतं. कपाटं भिंतीपासून अर्धा हात लांब ठेवा. वीज आल्यावर पंखे जमिनीलगत लावा, असे की एका दाराने हवा शिरून दुसऱ्या खिडकीने बाहेर जाईल. शेगडी किंवा हीटर लावून बंद खोलीत भिंत "भाजायची" नाही, आतली वाफ दुसऱ्या भिंतीवर जाऊन बसते. जुन्या घरात चुन्याचं किंवा मातीचं काम असेल तर दुरुस्तीही चुन्याचीच करा. त्याच्यावर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते.

भिंत वाळली का हे बघायला साधी परीक्षा आहे. हातभर जाड पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि एक रात्र ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर भिंत अजून ओली आहे. महिन्याने परत करा. खालच्या हातभर भागात आणि वरच्या भागात वेगवेगळी करा, खालचा भाग नेहमी मागे असतो.

बुरशी कोरड्या झाडूने झटकायची नाही. तिची पूड उडून घरभर जाते. मास्क लावून, ओल्या फडक्याने साबणाच्या पाण्यात पुसायची, फडकं टाकून द्यायचं. दम्याच्या माणसाने त्या खोलीत थांबू नये. पुसल्यावर परत आली तर बुरशीची औषधं शोधत बसू नका, ओल कुठून येते ते शोधा. पूर न आलेल्या घरांनाही हेच लागू आहे. मुंब्रा, कुर्ला, भिवंडीकडचे वाचक छतावरच्या डागाबद्दल विचारतात, त्यांच्यासाठी थोडक्यात: डाग फक्त पावसाळ्यात वाढत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत, बारा महिने ओला असेल तर पाण्याची लाइन, आणि वरच्या घरात आंघोळी झाल्यावर वाढत असेल तर मोरीचा ट्रॅप. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर बघा. तो फिरत असेल तर आपलीच लाइन फुटलेली आहे, वरच्याशी भांडू नका.

भेगा

पूर ओसरल्यावर लगेच दिसणाऱ्या भेगा लोक बघतात. त्यानंतर येणाऱ्या भेगा कुणी बघत नाही. नदीकाठची माती पाण्याने फुगते आणि वाळताना आक्रसते, पाया थोडा हलतो. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सगळं निवळल्यावर, नवी भेग दिसू शकते.

केसासारखी, फक्त प्लास्टरमधली भेग असेल तर घाबरायचं कारण नाही. दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी, पायऱ्यांसारखी चिऱ्यांच्या सांध्यांतून जाणारी, एका बाजूची कड दुसरीपेक्षा पुढे आलेली, किंवा पाच मिलिमीटरहून रुंद, अशी भेग असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. आरसीसी इमारतीत खांबाला उभी भेग गेली असेल, काँक्रीट सुटून गंजलेल्या सळ्या दिसत असतील, तर त्या खांबाभोवती झोपू नका आणि इंजिनिअर येईपर्यंत राहायची सोय दुसरीकडे बघा. "इमारत नवी आहे" हे उत्तर नाही. महाडमध्ये २४ ऑगस्ट २०२० ला तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ जण गेले. ती पुराने पडली नव्हती, आणि दहा वर्षांचीही नव्हती.

मधल्या भेगांसाठी गवंड्यांची एक जुनी रीत आहे. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवायची. भेग हलली तर काच तडकते. काच नसेल तर भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून शेजारी तारीख लिहायची, आणि महिन्याने बघायचं की भेग रेघेच्या पुढे गेली का. भिंत सरळ आहे का ते ओळंब्याने मोजून तो आकडाही तिथेच लिहायचा.

आम्ही साफ केलेल्या एका चिऱ्याच्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर अशा पाच तारखा आहेत, सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत. पहिल्या तीन वेळा भेग बोटभर पुढे गेली, मग थांबली. मार्चमध्ये ती चुन्याने भरली आणि एप्रिलमध्ये रंग दिला. तारखांचा तेवढा तुकडा मात्र घरच्या भाईंनी रंगवू दिला नाही. म्हणाले, पुढच्या पावसाळ्यात परत बघायचंय.